आधी सांगा, वाजवणार कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



कवीला रेडिओवर बोलावलं की तो पावसावर बोलेल, आईवर बोलेल, फार तर गावच्या जत्रेवर बोलेल, असं तुम्हाला वाटत असणार. मी मात्र आज एका कॅल्क्युलेटरच्या खरेदीवर बोलणार आहे. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. गणिताशी माझा संबंध दहावीला संपला. तेव्हा हा माणूस यावर काय बोलणार, असं वाटलं तर चुकीचं नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

२०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. आम्मी काही महिने त्याच्याकडे होती, तिला परत आणायला मी गेलो होतो. गेलो आणि दोनच दिवसांत कळलं की भावाची नोकरी गेली आहे. त्या वर्षी तिकडे संगणकाच्या कंपन्यांत नोकरकपात चालली होती. घरात कुणी त्यावर बोलत नव्हतं. तो सकाळी उठून नेहमीसारखा दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायचा.

त्याची मुलगी दहावीत जाणार होती. ऑगस्टमध्ये तिकडे शाळेच्या सामानाची गडबड असते, आपल्याकडे जूनमध्ये असते तशी. एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. हातात शाळेची यादी. वह्या, पेन्सिली, फायली आणि शेवटी एक ओळ : ग्राफिंग कॅल्क्युलेटर.

"बडे अब्बा, तुम्ही चलाल दुकानात?" तिनं विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अब्बूकू नक्को बोलो."

किंमत शंभर ते दीडशे डॉलरच्या घरात होती. म्हणजे आपले आठ ते बारा हजार रुपये. पंधरा वर्षांची पोर बापाची अडचण ओळखून वस्तू मागायची टाळत होती. मला कॅल्क्युलेटरमधलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

दुकानात गेलो. काचेमागं आठ-दहा यंत्रं मांडलेली. काही साधी, काळ्या-पांढऱ्या पडद्याची. काही रंगीत. मी बावरून गेलो आणि त्या बावरण्यात मला मिरज आठवली.

मी मिरजेत वाढलो. सतारमेकरांची गल्ली आमच्या शाळेच्या वाटेवर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठमोठे भोपळे तिथं टांगलेले असायचे. कुणी गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "चांगली सतार दाखवा." तिथले एक म्हातारे कारागीर हातातलं काम न थांबवता विचारायचे, "आधी सांगा, वाजवणार कोण? शिकवणार कोण?" शिकणाऱ्याची सतार वेगळी, मैफलीची वेगळी. गुरू ज्या पद्धतीचे, तशी तारांची मांडणी. उत्तर मिळेपर्यंत ते एकही सतार खाली काढत नसत.

मी पुतणीला तेच विचारलं. तुझ्या बाई कोणतं यंत्र वापरतात? ती म्हणाली, टीआय-८४. वर्गात पडद्यावर त्याचीच बटणं दाखवतात. मग निम्मा प्रश्न तिथंच सुटला. यंत्र कितीही भारी असो, बाई सांगतात ते बटण आपल्या यंत्रावर दुसरीकडेच असेल तर मुलाचा निम्मा तास बटण शोधण्यात जातो. कॅसिओची यंत्रंही चांगली आणि बरीचशी स्वस्त. बाई ती वापरत असत्या तर आम्ही तीच घेतली असती.

दुसरा प्रश्न, कोणत्या परीक्षेत वाजवणार? तिकडे कॉलेज प्रवेशासाठी मुलं एसएटी किंवा एसीटी देतात. काही यंत्रं अशी असतात की आकड्यांचंच नव्हे, अक्षरांचं गणितही स्वतः सोडवतात. समीकरण द्या, ते उकलून हातात ठेवतात. अशी यंत्रं एसीटीच्या परीक्षेत चालत नाहीत. म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेली वस्तू परीक्षेच्या दिवशी दाराबाहेर. दुसरीकडे, एपी कॅल्क्युलस नावाच्या परीक्षेत १९९५ पासून ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो, पण पेपरच्या एका भागात. दुसऱ्या भागात कोणताच कॅल्क्युलेटर चालत नाही. आणि पुढं कॉलेजात गेल्यावर कॅल्क्युलसच्या कित्येक वर्गांत परीक्षेला तो आणूच देत नाहीत. तेव्हा "एकदाच भारीतला घेऊ, इंजिनिअर होईपर्यंत पुरेल" हा आपला मध्यमवर्गीय हिशेब इथं चुकतो. अमेरिकेत अभियंत्याच्या परवान्यासाठी जी पहिली परीक्षा असते, तिच्यात ग्राफिंग कॅल्क्युलेटरला मज्जाव आहे. तिथं मोजकी साधी सायंटिफिक यंत्रं चालतात आणि त्यांत कॅसिओ एफएक्स-९९१ आहे. आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं खांद्यावरच्या सॅकमध्ये टाकून फिरतात, तोच.

तिसरा प्रश्न पैशाचा. तिकडच्या अनेक शाळा गरजू मुलांना वर्षभरासाठी कॅल्क्युलेटर उसना देतात. पुतणीला ते नको होतं. मैत्रिणींना कळेल म्हणाली. मी आग्रह केला नाही. शेजारच्या घरातली मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागली होती. तिच्याकडं जुना टीआय-८४ प्लस पडून होता. पंचेचाळीस डॉलरला ठरला.

जुनी वस्तू घेताना आपण घासाघीस करतो, पण तपासत नाही. आम्ही तपासली. मागचं झाकण उघडून सेलच्या जागी पांढरी बुरशी आली आहे का पाहिलं, कारण सेल आत राहून गळले की तिथली पट्टी खराब होते. नवे सेल घातले. एकेक बटण दाबलं. पडद्यावर ठिपक्यांची एखादी रांग मेलेली नाही ना, ते पाहिलं. आणि पुतणीनं त्याला साईन ३० विचारलं. उत्तर आलं उणे ०.९८८. मला तेवढं एक आठवत होतं की साईन ३० म्हणजे अर्धा. म्हटलं, पोरी, हे बिघडलंय. ती हसली. यंत्र रेडियनमध्ये होतं, तिनं अंशांवर आणलं आणि ०.५ आला. यंत्र खोटं बोललं नव्हतं. आम्ही विचारलं होतं एक, त्याला वाटलं दुसरंच.

घरी येऊन तिनं पहिलं समीकरण घातलं : य बरोबर क्षचा वर्ग अधिक २०. बटण दाबलं. पडदा कोरा. पुन्हा दाबलं. कोराच. तिचा चेहरा उतरला. पंचेचाळीस डॉलर पाण्यात गेले, असं वाटलं असावं. मग ती जे म्हणाली ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. "बडे अब्बा, यंत्र ठीक असेल. मीच मॅथची नाही."

श्रोतेहो, हे वाक्य मी १९८५ साली ऐकलं होतं. दहावीत होतो. आलेखाच्या कागदावर मी बिंदू मांडले, पण ते काही एका रेषेत येईनात. वर्गात माझा कागद वर धरून दाखवण्यात आला आणि सांगण्यात आलं की हा गणिताचा नाही, याला आर्ट्सला पाठवा. वर्ग हसला. मी आर्ट्सला गेलो. त्याचं मला दुःख नाही, कविता मला तिथंच भेटली. पण मी गणिताचा नाही, हे कुणीतरी ठरवलं आणि मी चाळीस वर्षं तपासूनही पाहिलं नाही, याचं वाईट वाटतं. गंमत अशी की त्याच १९८५ साली कॅसिओनं जगातला पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर बाजारात आणला होता. मिरजेत मी कागदावर बिंदू चुकवत होतो आणि जपानमध्ये एक यंत्र तेच बिंदू मांडायला शिकलं होतं.

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. म्हटलं, मलाही येत नाही, आपण दोघं बघू. हे यंत्र करतं काय? तिनं समजावलं. पडद्यावर आडवे ९६ आणि उभे ६४ ठिपके. यंत्र डावीकडून सुरू करतं, क्षची एकेक किंमत समीकरणात घालतं, य काढतं आणि त्या जागेचा ठिपका काळा करतं. म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळीच की, मी म्हटलं. पण अंगणाची हद्द कोण ठरवतं? ती म्हणाली, आपणच. न सांगितलं तर ते उणे १० ते १० एवढंच अंगण धरतं, आडवंही आणि उभंही.

मग मी विचारलं, क्ष शून्य असेल तर तुझा य किती? ती म्हणाली, २०. आणि वर्ग तर कधी उणे होत नाही, म्हणजे २० च्या खाली ही रेघ येणारच नाही. असं म्हणता म्हणता ती थांबली. अंगण १० पर्यंतच होतं. रांगोळी हद्दीच्या पलीकडं काढलेली होती. तिनं वरची हद्द ५० केली, बटण दाबलं, आणि पडद्यावर वाटीसारखी वक्ररेषा उमटली. त्या पोरीचा चेहरा मला अजून दिसतो.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. बटण दाबण्याआधी कागदावर बोटानं दाखवायचं, रेघ कुठं असेल. वर उघडणारी की खाली, शून्यावर किती. मग यंत्राला विचारायचं. यंत्र जुळलं तर आनंद, नाही जुळलं तर दोघांपैकी कोण चुकलं ते शोधायचं. नुसतं त्याचं उत्तर उतरवून घेणाऱ्याला कोरा पडदा आला की काहीच सुचत नाही.

भावाला अखेर कळलंच. जेवताना तो म्हणाला, "भाईजान, मला सांगायचं होतंत." मी काही बोललो नाही. तो उठून आत गेला आणि ड्रॉवरमधून एक जुना सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन आला. १९९३ साली तो इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा मी माझ्या पहिल्या पगारातून घेऊन दिलेला. बटणांवरचे आकडे पुसले होते. त्यानं तो मुलीच्या यंत्राशेजारी ठेवला आणि म्हणाला, "हा पण सेकंडहँडच होता." मला आठवत नव्हतं, त्याला आठवत होतं. त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा नोकरीबद्दल उघडपणे बोलणं झालं.

आता आपल्याकडच्या पालकांसाठी दोन शब्द. आपल्या दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गणिताला कॅल्क्युलेटर चालत नाही, जेईईलाही नाही. इंजिनिअरिंगला सायंटिफिक चालतो, प्रोग्रॅम भरता येणारा सहसा नाही. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नपत्रिकांवर तर लॉग टेबल, स्लाइड रूल आणि खिशातला कॅल्क्युलेटर यांना परवानगी आहे, अशी सूचना स्लाइड रूल दुकानांतून नाहीसे झाल्यावरही कित्येक वर्षं छापली जात होती. तेव्हा परदेशातल्या नातेवाईकाकडून महागडं ग्राफिंग यंत्र मागवण्याआधी मुलाच्या कॉलेजात विचारा. मुंबई-पुण्याच्या आयबी शाळांतल्या मुलांना ते लागतं, बाकीच्यांना बहुधा लागत नाही. आलेख बघायचेच असतील तर डेसमॉस किंवा जिओजेब्रा फोनवर फुकट मिळतात. अमेरिकेत तर २०२४ पासून एसएटी संगणकावर झाली आणि परीक्षेच्या पडद्यातच डेसमॉस आला. महागडं यंत्र परवडणारा आणि न परवडणारा यांच्यातलं एक अंतर त्यामुळं थोडं कमी झालं.

जाता जाता एक गोष्ट. उमर खय्याम आपण कवी म्हणून ओळखतो. माधव जूलियनांनी त्याच्या रुबाया थेट फारसीतून मराठीत आणल्या. मीही त्याला तेवढाच ओळखत होतो. परत आल्यावर वाचलं की अकराव्या शतकातला हा माणूस मोठा बीजगणिती होता आणि क्षच्या घनाची समीकरणं तो दोन वक्ररेषा एकमेकींना कुठं छेदतात ते पाहून सोडवायचा. मी पुतणीला फोन केला. क्षचा घन अधिक ४ क्ष बरोबर १६, हे त्याच्या रीतीनं करून बघ. एक रेघ, य म्हणजे क्षच्या वर्गाचा अर्धा. दुसरं, २ त्रिज्येचं वर्तुळ, केंद्र आडव्या अक्षावर २ पाशी. आधी बोटानं दाखव.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बडे अब्बा, शून्यापाशी तर भेटतातच, पण ते उत्तर नाही. दुसऱ्यांदा २ वर भेटतील." मग बटणं दाबल्याचा आवाज आला आणि ती ओरडली, "२ च!"

आठ अधिक आठ, सोळा. एवढं मला तोंडी जमलं. मी गणिताचा नाही, असं आता मी म्हणत नाही. तुमच्या घरात कुणी म्हणत असेल, तर त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा. यंत्राचं नंतर बघता येईल.