खाऱ्या पाण्याच्या टाक्या : आधी पाण्याचा हिशेब, मग मासे

 

आज आम्ही बोलणार आहोत समुद्री शोभिवंत माशांच्या टाक्यांविषयी. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. शहरातले हौशी लोक तो घरच्या काचेच्या टाकीत ठेवतात. हा मासा टाकीत अंडी घालतो, त्यामुळे तो समुद्रातून धरून आणावाच लागतो असे नाही. नवी मुंबईत ऐरोलीच्या केंद्रात त्याची पिल्ले तयार केली गेली आहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायकांनी असे मासे आणि शोभेची कोळंबी वाढवली आहे. म्हणून आता आपल्याकडचे गटही विचारतात, आम्हाला जमेल का?

जमेल की नाही, हे माशावर नाही, पाण्यावर ठरते. आणि पाणी म्हटले की आपल्याला पहिला प्रश्न पडतो, ते वाहणार कोण? म्हणून शेड बांधण्याआधी, कर्जाचा अर्ज भरण्याआधी, वही घेऊन बसा आणि पाण्याचा हिशेब मांडा.

एक उदाहरण घेऊ. १०० लिटरच्या १० टाक्या म्हणजे १,००० लिटर. त्यांचे पाणी गाळून परत वर पाठवायला खाली एक गाळणीची टाकी लागते, तिच्यात २०० लिटर. एकूण झाले १,२०० लिटर. १,००० लिटर पाण्याचे वजन एक टनाच्या वर जाते. म्हणून टाक्या माळ्यावर किंवा जुन्या पडवीत नकोत. खाली पक्का कोबा आणि मजबूत मांडणी हवी. लोखंडी मांडणी असेल तर तिला रंग हवाच, कारण खारे पाणी लोखंड खाते.

दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे धरले, तर १२० लिटर खारे पाणी लागले. १५ लिटरच्या हंड्याने मोजले तर ८ हंडे. ते वाहून आणणे जमेल असे वाटते. पण थांबा, पावसाळा मोजायचा राहिला. जून ते सप्टेंबर नद्या-ओढ्यांचे गोडे पाणी किनाऱ्याशी येते, समुद्र गढूळ होतो, खारेपणा उतरतो. ते पाणी टाकीला चालत नाही. ते १७ आठवडे धरा. १७ गुणिले १२० म्हणजे २,०४० लिटर. त्यात अडीअडचणीसाठी ३०० लिटर मिळवा. म्हणजे मे संपण्याआधी साधारण २,४०० लिटर स्वच्छ खारे पाणी साठवलेले हवे. हंड्याने १६० खेपा. हे डोक्यावरचे काम नाही. पंप, पाइप किंवा टेम्पो यांचा खर्च प्रकल्पाच्या कागदात पहिल्या पानावर लिहा. तो लिहिला नाही, तर तो खर्च आपल्या कंबरेतून वसूल होतो, आणि बहुतेक वेळा गटातल्या सगळ्यात तरुण सुनेच्या कंबरेतून.

समुद्राचे पाणी घ्यायचे ते भरतीच्या वेळी, खाडीच्या तोंडापासून आणि होड्या लागतात त्या जागेपासून दूर. डिझेलचा तवंग दिसला तर मागे फिरा. आणलेले पाणी सुती कापडातून गाळा आणि निवू द्या. मग ते निर्जंतुक करा. १,००० लिटरला ३० टक्के शक्तीची ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम क्लोरीन. त्यानंतर एक दिवस तरी हवेचा पंप जोरात चालवा. गावात जलसुरक्षक पिण्याच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो ना, तीच इथे करायची. पिवळा रंग दिसला तर क्लोरीन बाकी आहे. उरलेले क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट लागते. त्याचे माप प्रशिक्षण देणाऱ्याकडून नीट शिकून घ्या, आणि पुन्हा टेस्ट करा. रंग अजिबात येत नाही तोवर ते पाणी माशाला दाखवायचे नाही. साठवणीची टाकी झाकलेली आणि अंधारात ठेवा, नाहीतर शेवाळ धरते.

काही जणी विचारतात, विहिरीच्या पाण्यात मीठ घातले तर? स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, मिठागरातले खडे मीठही नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे पुष्कळ क्षार ठराविक मापात असतात. त्यासाठी मत्स्यालयाचे तयार समुद्री मीठ मिळते. लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागते. पावसाळ्याचे २,०४० लिटर त्यातून करायचे तर निदान ७१ किलो मीठ झाले. त्याचा भाव काढा आणि साठवणीच्या टाकीच्या भावाशी ताडून पाहा.

आता गोड्या पाण्याकडे वळू. टाकीतले पाणी उडून जाते, पण मीठ उडत नाही. ते मागेच राहते. १,२०० लिटरमधले १२० लिटर उडाले, तर ३५ चा खारेपणा ३९ च्या आसपास जातो. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घालायचे नाही, गोडे घालायचे. रोज, थोडे थोडे, गाळणीच्या टाकीत. टाकीला खूण करून ठेवा म्हणजे किती उतरले ते दिसते. रोज १२ लिटर उतरले असे धरा, महिन्याला ३६० लिटर होतात, म्हणजे २४ हंडे. सगळ्यात जास्त पाणी उडते ते एप्रिल-मे महिन्यात, आणि तेव्हाच विहिरीने तळ गाठलेला असतो. तुमच्या गावात त्या दिवसांत टँकर येत असेल, तर आम्ही स्पष्ट सांगतो, हा धंदा त्या गावासाठी नाही. माणसांच्या हंड्यातले पाणी टाकीत जाता कामा नये. स्वच्छ पत्र्यावरचे पावसाचे पाणी झाकून साठवता येत असेल तर ते उत्तम. मात्र पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्या.

खारेपणा हायड्रोमीटरवर रोज एकाच वेळी पाहायचा. काटा १.०२५ च्या आसपास असावा. वर-खाली झाला तर हळूहळू सुधारायचा, एका दिवसात नाही.

पाणी भरले की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते त्या मानाने सौम्य असते, आणि पाणी बदलले की कमी होते. हे जिवाणू गाळणीतल्या शिंपल्यांवर, जाळीवर वस्ती करतात. त्यांना बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. विरजण लागायच्या आधी दही ताटात येत नाही, तसेच हे आहे. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की थोडे मासे सोडा, मग वाढवा. कर्जाचा पहिला हप्ता कधी सुरू होतो हे विचारताना हे दीड महिने त्यात धरा. आणि गाळणी कधीही नळाच्या पाण्याने धुऊ नका. नळातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच ती हलकेच विसळा.

एखाद्या दिवशी अमोनिया दिसला, तर खाद्य बंद करा आणि चौथा हिस्सा पाणी बदला. १,२०० चा चौथा हिस्सा ३०० लिटर. वर आपण राखून ठेवले ते याचसाठी. ते पाणी संपवले की आधी पुन्हा भरा.

वीज गेली की दोन गोष्टी होतात. हवा बंद पडते आणि वरचे पाणी खाली उतरते. खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी नसेल, तर पाणी जमिनीवर सांडते. म्हणून मासे आणण्याआधी मुद्दाम पंप बंद करून पाहा, पाणी कुठवर चढते. तिथे खूण करा. हवेच्या पंपाला बॅटरी किंवा इन्व्हर्टर हवाच. वादळात दोन-दोन दिवस वीज येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता काढलेले पाणी. आठवड्याचे १२० लिटर माडाच्या मुळाशी, परसात किंवा विहिरीजवळ ओतू नका. मीठ जमिनीत साठत जाते, आणि विहीर खारी झाली तर सगळी वाडी आपल्याला बोल लावेल. ते पिंपात साठवा, ब्लीचिंगने निर्जंतुक करा, क्लोरीन गेल्याची खात्री करा आणि मगच भरतीच्या रेषेखाली सोडा. टाकीतला मासा मात्र समुद्रात सोडायचा नाही, त्याबरोबर रोग जाऊ शकतो.

टाकी सजवायला समुद्रातले प्रवाळ काढून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, ते तिथेच शोभतात. क्लाउनफिशला अंडी घालायला कौलाचा तुकडा किंवा मातीचे मडके पुरते.

शेवटी कामाची वाटणी. दोघीदोघींच्या जोड्या करा. वहीत रोज पाच गोष्टी लिहा: तारीख, खारेपणा, किती गोडे पाणी घातले, मासे कसे दिसतात, आणि पाणी कोणी भरले. शेवटचा रकाना विसरू नका. महिन्याच्या बैठकीत तो मोठ्याने वाचा. एकाच बाईचे नाव सारखे येत असेल, तर पाळी बदला किंवा तिची मजुरी धरा.

घाटावरच्या मैत्रिणींनी खाऱ्या पाण्याच्या मागे लागू नये. गप्पी, मोली, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातले मासे आहेत. त्यांचा खर्च कमी आणि शिकणेही सोपे. पाण्याचा हिशेब मात्र त्यांनाही याच पद्धतीने मांडावा लागेल.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत तीन आकडे काढा: मे महिन्यात विहिरीला किती पाणी असते, समुद्र किती लांब आहे, आणि वीज एका वेळी जास्तीत जास्त किती तास जाते. हे तीन आकडे हातात आले की हो म्हणायचे की नाही, ते तुमचे तुम्हीच ठरवू शकाल. नाही म्हणावे लागले तरी त्यात कमीपणा नाही, कर्ज तर वाचले.