लष्कराच्या वह्या



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा थोडी, शिकलो ते ताळेबंद वाचून. मालक म्हणे, ‘पैसा नाही’; आम्ही म्हणू, ‘वह्या दाखवा.’ लष्कराच्या वह्या आपल्या वतीने कोण पाहतो?

१९९३ साली संसदेने खातेवार स्थायी समित्या नेमल्या. त्यांतल्या संरक्षण समितीत आज लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सभासद असतात. मंत्र्याला तेथे जागा नाही. अनुदानाच्या मागण्या पुढ्यात घेऊन ती बंद दाराआड बसते, सचिवांना नि सेनाधिकाऱ्यांना प्रश्न विचारते. मार्च २०१८ च्या अहवालात उपसेनाप्रमुखांची साक्ष आली: सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनाट, अत्याधुनिक अवघी ८ टक्के! जयघोषात असले आकडे ऐकू येत नाहीत.

परंतु समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. सरकारने लेखी उत्तर दिले की झाले. संपाचा हक्क नसलेल्या युनियनसारखी तिची गत.

मग तिचे बळ कोठे? अहवाल छापून येतो, त्यात. तो आपण वाचावा, आणि मत मागायला येणाऱ्याला विचारावे, ‘समितीने सांगितले होते, तुम्ही काय केलेत?’ सीमेवरचा जवान आपल्याच घरचा आहे.