पिन आपला, लाज कुणाची?

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या गटातली एक बाई डबे करून देते. तिला फोन आला, ‘वीस डबे हवेत. आगाऊ पैसे पाठवतो. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, जमा होतील.’ तिने टाकला. जमा व्हायचे सोडून खात्यातले चार हजार गेले. आठ दिवस ती घरात बोलली नाही. नवरा म्हणेल, ‘तुला कुणी सांगितले होते मोबाईलवर व्यवहार करायला?’ शेवटी कळलेच, आणि तो तसेच म्हणाला. आता तिचा फोन आणि पिन दोन्ही त्याच्याकडे. चोराने पैसे नेले, घराने तिचा व्यवहार काढून घेतला.

यूपीआयची एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. तो लागतो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. ‘जमा होण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा चोरच.

तरीही फसलो तर? ताबडतोब १९३० ला फोन करायचा, बँकेला कळवायचे, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवतात. काढून नेण्याआधीच ते गोठवता येतात. परत मिळतीलच असे नाही, पण आठ दिवसांनी आशाही उरत नाही.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले. त्यात म्हटले होते : चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तोटा ग्राहकाचा नाही. पिन आपणच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, नंतरचे बँकेचे. म्हणजे नियमातही गप्प बसण्याची किंमत आहेच.

फसलेली बाई म्हणते, ‘मीच वेंधळी.’ नवऱ्याचा मार खाणारी बाईही म्हणायची, ‘माझंच चुकलं.’ ती लाज आपण एकमेकींशी बोलून उतरवली. हीही तशीच उतरवू. डॉक्टर, अधिकारीही फसतात. त्यांचा फोन कुणी काढून घेत नाही.

गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर १९३० लिहा. दर बैठकीत विचारा, ‘कुणाला असा फोन आला का?’ आणि पिन नवऱ्याला नाही, मुलाला नाही, गटाच्या अध्यक्षबाईंनाही सांगायचा नाही. खाते आपल्या नावावर आहे, ते आपल्या हातातही राहिले पाहिजे.