खटाऱ्याची वाटचाल

१९४७ साली काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकरी कामगार पक्ष उभा केला. नाव लांबलचक, म्हणून गावोगावी ‘शेकाप’. झेंडा लाल, निशाणी अनेक वर्षं खटारा. जेधे आणि मोरे दोघेही पुढे काँग्रेसमध्ये परतले, पक्ष मात्र मागे उरला. साठच्या दशकात शेकापचे कृष्णराव धुळप विधानसभेत विरोधी पक्षनेते होते.

नंतर बळ घटत गेलं, तरी रायगड आणि सांगोला हे बालेकिल्ले बराच काळ टिकले. १९८४ मध्ये उरण भागातल्या शेतकऱ्यांनी शेकापचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध लढा दिला. गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण याच लढ्यातून आलं. सत्तेबाहेरच्या पक्षासाठी ही कमाई लहान नव्हे!

आघाडीच्या राजकारणात तर मूठभर आमदारांनाही वजन येतं. २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेतल्या वादावरून शेकापने विलासराव देशमुख सरकारचा पाठिंबा काढला आणि मंत्रालय हादरलं. सरकार कसंबसं तरलं.

सांगोल्याची गोष्ट निराळी. तिथून गणपतराव देशमुख तब्बल ११ वेळा विधानसभेवर गेले. अर्थात, एकाच माणसावर विसंबलेला गड त्याच्यानंतर डळमळतो; २०१९ मध्ये ते उभे नव्हते आणि सांगोला निसटलं. २०२४ मध्ये त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ती जागा परत जिंकली.