आडव्या रेघेची गोष्ट

"अहो, चाललंय ना सगळं व्यवस्थित? मग उगाच हात कशाला लावता?"

आमच्या रुग्णालयाच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला हे विचारलं, ते २०२१च्या गणपतीनंतरच्या बैठकीत. तालुक्याच्या गावातलं आमचं धर्मादाय रुग्णालय. तिथले संगणक सांभाळणं हे माझं काम. रुग्णांच्या केसपेपरांच्या नोंदी आम्ही 'पोस्टग्रेस' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. १९८६ साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांनी हा प्रकल्प सुरू केला. त्यांच्या आधीच्या प्रकल्पाचं नाव 'इंग्रेस', त्यानंतरचा म्हणून हा 'पोस्टग्रेस'. आता जगभरचे प्रोग्रॅमर मिळून तो वाढवतात, तो कुणालाही उघडून वाचता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. आमच्यासारख्या संस्थेला आणखी काय हवं?

विश्वस्तांचा प्रश्न रास्त होता. पण या सॉफ्टवेअरची दरवर्षी एक मोठी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीची डागडुजी पाच वर्षं केली जाते. आमची ९.६ ही आवृत्ती २०१६ची. तिची मुदत नोव्हेंबर २०२१मध्ये संपत होती. त्यानंतर तिच्यात एखादं भगदाड सापडलं, तर ते बुजवायला कोणी येणार नव्हतं. फुकटच्या सॉफ्टवेअरला विक्रेता नसतो, त्यामुळे "साहेब, आता बदला" असा फोनही येत नाही. तारीख आपणच कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

आम्ही थेट १३व्या आवृत्तीवर जायचं ठरवलं. उडी एकदम मारता येते, पण १०पासून १३पर्यंतच्या चारही आवृत्त्यांत काय बदललं ते वाचावंच लागतं. माझे दोन रविवार त्यात गेले. बाराव्या आवृत्तीत काढून टाकलेली एक जुनी सोय आमचा एक अहवाल वापरत होता, तेवढा दुरुस्त केला.

जायचे मार्ग दोन. सगळा मजकूर बाहेर काढून नव्या जागी पुन्हा भरायचा, किंवा 'पीजी-अपग्रेड' हे साधन वापरून आहेत त्याच फायली नव्या आवृत्तीकडे सोपवायच्या. पहिल्याला आमच्याकडे साडेचार तास लागत होते, दुसऱ्याला वीस मिनिटं. रुग्णालयाला रात्रीही कुलूप नसतं, म्हणून मी दुसरा मार्ग धरला. नवं यंत्र, त्यावर लिनक्सही नवी, आणि जुन्या नोंदींची एक प्रत घेऊन रंगीत तालीम केली. वीस मिनिटांत सगळं पार पडलं. पडद्यावर एकही तक्रार नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंना मी तालमीला बसवलं होतं. खरं सांगायचं तर उपचार म्हणून. त्यांनी कपाटातून जुने-नवे दहा केसपेपर काढले आणि एकेक नंबर घालू लागल्या. चौथ्याला थांबल्या.

"सर, हा पेशंट नाही म्हणतोय."

"नंबर नीट घाला."

"नीटच घातलाय. यादीत बघा, दिसतोय. शोधला की नाही म्हणतोय."

त्या केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं होतं, 'पेनिसिलिन देऊ नये'. बाई शांतपणे म्हणाल्या, "नाही म्हटलं की आम्ही नवीन पेपर काढतो. त्यावर हे येणार नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सापडलं ते दुसऱ्या दिवशी, आणि ते पोस्टग्रेसमध्ये नव्हतंच. आमचे २०१५च्या आधीचे नंबर सलग सहा आकडी, म्हणजे १५२०३४ असे. नंतरचे वर्ष आणि आडवी रेघ घालून, १५-२०३४ असे. कोणता आधी आणि कोणता नंतर, हे पोस्टग्रेस लिनक्सला विचारतं. लिनक्सच्या 'ग्लिबसी' या मूळ संग्रहात २०१८मध्ये, २.२८ या आवृत्तीत, क्रम लावण्याचे नियम बदलले. जुना नियम सुरुवातीला रेघेकडे काणाडोळा करायचा, नवा तिला मोजतो. ११ आणि १-१ हे दोन आकडे क्रमाने लावायला सांगा. जुनं यंत्र ११ आधी ठेवतं, नवं १-१.

रेकॉर्ड रूममध्ये हे कसं दिसेल पाहा. फडताळं जुन्या माणसानं त्याच्या रीतीनं लावलेली. नवा माणूस आपल्या रीतीनं नेमक्या फडताळाशी जातो, तिथे कागद नसतो, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, "नाही." शोधासाठीची सूची फायलींबरोबर जशीच्या तशी आली होती, जुन्या क्रमातच. संपूर्ण यादी काढताना सूची लागत नव्हती, म्हणून तिथे रुग्ण दिसत होता. एकच नंबर दोनदा पडू नये म्हणूनही हीच सूची पहारा देते. म्हणजे तो पहाराही ढिला झाला होता.

उपाय अवघड नव्हता. सगळ्या सूच्या नव्यानं बांधायच्या. त्याला पन्नास मिनिटं लागली. दुसऱ्या तालमीत दहाच्या दहा पेपर सापडले.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी रात्री आम्ही खरा बदल केला. दोन गोष्टींवर मी अडून बसलो होतो. पीजी-अपग्रेडमध्ये जुन्या-नव्या दोघांनी त्याच फायली वापरायची एक झटपट पद्धत आहे. तीत नवं चालू केलं, की जुन्याकडे परतणं सुरक्षित राहत नाही. ती नको म्हटलं. आणि पहाटे तीनपर्यंत बाईंचे दहा पेपर सापडले नाहीत, तर मागे फिरायचं, चर्चा नाही. रात्रभरच्या नोंदी कागदी रजिस्टरात झाल्या. दीडच्या सुमारास शोध भलताच मंद झाला. माहितीच्या विभागणीचे अंदाज त्या काळी बदलात बरोबर येत नसत, ते नव्यानं काढावे लागत. ते काढले आणि गाडी रुळावर आली. (२०२५च्या १८व्या आवृत्तीपासून यातले बरेचसे सोबत येतात.)

१३ची मुदतही नोव्हेंबर २०२५मध्ये संपली. त्याआधीच आम्ही १७वर गेलो. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, तरी तालमीला मी त्यांना बोलावून घेतलं. येताना त्यांनी एक वही आणली होती. तिच्या पहिल्या पानावर ते दहा नंबर होते, आणि चौथ्याखाली लाल रेघ.