वेळ कोणाची?



चालकांनी आम्हांस ‘वेळेचे मोल’ हा विषय दिला आणि एस.टी. चुकल्यामुळे आम्हीच दहा मिनिटे उशिरा आलो. प्रथम त्याची क्षमा मागतो. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले, ते पाळी सुटल्यावर उरलेल्या तासांत. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि अनुभवातले अधिक, असेच आमचे बोलणे राहील.

वेळेची किंमत शाहूवाडीच्या माणसाला बाहेरून येऊन कोणी सांगावी, असे नाही. याच तालुक्यातल्या खिंडीत १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे उभे राहिले. तेथे मुलूख घ्यावयाचा नव्हता, खजिना लुटावयाचा नव्हता. शिवाजीमहाराज विशाळगडी पोचेपर्यंत शत्रूला अडवून धरावयाचे, एवढेच काम होते. म्हणजे त्या दिवशी जिंकावयाचे होते ते केवळ काही तास! ते जिंकले गेले, परंतु ज्यांनी जिंकले त्यांतले कितीतरी जण ते तास पाहावयास उरले नाहीत. एवढी एक गोष्ट मनात ठेवून पुढचे ऐका.

‘पहाटे उठा, क्षण वाया घालवू नका’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. उपदेश चांगलाच आहे. पण तो करण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे : समोरच्या माणसापाशी स्वतःची अशी वेळ आहे काय? ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याला काटकसरीचे व्याख्यान देऊन काय उपयोग?

दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत काम सूर्य उगवताना सुरू होई आणि मावळताना थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणेही मोठे. पुढे विजेचे दिवे आले, तेव्हा कामगाराच्या घरात उजेड पडण्याऐवजी त्याच्या कामाचा दिवस रात्रीत घुसला. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. या माणसांसाठी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अपघात झाल्यास मदत. आज या ऐकून हसू येईल, इतक्या त्या साध्या होत्या. तरी रविवार मिळण्यास १० जून १८९० उजाडावा लागला. त्याआधी एप्रिलमध्ये झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या.

पुढची चढण अशीच पायरीपायरीची आहे. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास ६० झाले, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि १९४६ मध्ये ४८. या शेवटच्या सुधारणेसाठी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खटपट केली. साठांवरून अठ्ठेचाळीस! एकेक तासापाठीमागे संप, उपासमार, बडतर्फी आहे. म्हणून आम्ही म्हणतो, रविवारची दुपार ही आपल्याला फुकट पडलेली वस्तू नव्हे. ती वडिलार्जित इस्टेट आहे. आणि दिवसाचे तास वाढवण्याची भाषा आता पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. जो इस्टेट वापरीत नाही, त्याची ती दुसरा घेतो, हे काय शेतकऱ्यांना सांगावयास हवे?

मात्र नुसती वेळ मिळून भागत नाही. आमचे वडील मुंबईस गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. वडील गावी आले ते कायमचे. पाळीच्या वेळेला पहाटे ते दचकून उठत. गावात भोंगा नव्हता; तो त्यांच्या कानात होता. मग दिवसभर सोप्यात बसून राहत. एकदा आम्ही म्हणालो, “आबा, आता तरी निवांत पडा की.” ते म्हणाले, “आरं, येळ आली की तिचं काय करायचं, ह्येच कुणी शिकवलं न्हाई. तीस वर्सं ती गिरणीनंच सांभाळली.” हे वाक्य आम्ही अजून विसरलो नाही. आमचे वाचन त्या दिवसानंतर सुरू झाले.

आम्ही रोज एक तास राखून ठेवला. हिशेब सोपा आहे : वर्षाचे ३६५ तास, म्हणजे आठ तासांचे पंचेचाळीस दिवस. एवढ्या दिवसांत आम्ही कायद्याची कलमे शिकलो, अर्ज लिहावयास शिकलो, साहेबापुढे न अडखळता बोलावयास शिकलो. तास कोणता, हे महत्त्वाचे नाही. तो ठरलेला असावा, आणि त्या वेळी खिशातला फोन दूर असावा. हा नवा मुकादम मोठा गोडबोल्या आहे. तास घेतो आणि मजुरी देत नाही.

आता एक कबुली देतो. आठ तासांसाठी आम्ही गेटवर घसा कोरडा करीत होतो, आणि रात्री चारपाच कार्यकर्त्यांना घेऊन घरी चहाला जात होतो. एके रविवारी पत्नीने कपबश्या विसळता विसळता विचारले, “अहो, तुमच्या युनियनात बायकांचा रविवार कुठल्या कलमात बसतो?” आम्ही निरुत्तर झालो. त्या दिवसापासून रविवारचा चहा आम्ही करतो. बिघडतो, पण करतो. सोप्यावरच्या पुरुषाची निवांत वेळ पुष्कळदा घरातल्या बाईच्या दिवसातून कापून घेतलेली असते. ऊसतोडीच्या टोळीला तर घड्याळच नाही. तिची मोजणी टनावर. दुसऱ्याची वेळ खाऊन केलेला आपल्या वेळेचा सदुपयोग हा सदुपयोग नव्हे.

तेव्हा आज घरी गेल्यावर दोनच गोष्टी करा. उद्याचा एक तास स्वतःसाठी ठरवा, आणि घरातल्या ज्या माणसाला असा तास नाही, त्याला तो काढून द्या. खिंडीत लढलेल्यांनी आणि गिरणीत झगडलेल्यांनी वेळ मिळवली ती दुसऱ्यांसाठी. आपल्याला निदान एवढे जमावे.

चालकांनी दिलेली वेळ संपली. उशिरा येऊन वर जास्त बोलणे शोभणार नाही.