बाक कुठं ठेवायचा?



पत्रिकेत विषय छापलाय ‘परिसरातील उद्यानांचा विकास आणि नागरिकांचा सहभाग’. विषय संयोजकांचा आहे, मी नुसती मान डोलावली. मला ओळखणारे दोघंतिघं समोर बसलेत, ते आत्तापासूनच हसतायत. त्यांना ठाऊक आहे की हा माणूस शेवटी बाकावर येणार. शेवटी कशाला, लगेच येतो. बागेचा आराखडा करताना लोकांना एकच प्रश्न विचारावा, तुम्ही बसणार कुठं? कारंजं, झाडं, दिवे, फाटक, सगळं त्या उत्तरातून ठरवता येतं.

74 वी घटनादुरुस्ती, प्रभाग समित्या, क्षेत्रसभांचा कायदा, हे तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, तेही माहीत आहे. त्यासाठीचा अर्ज भरलेल्यांनी हात वर करा बरं. चार. त्यातला एक संयोजकांचा! (हशा) असो. एका कामाला 5 लाखांची मर्यादा घातली, म्हणून लोक नाकं मुरडायचे. मला ती मर्यादा फार आवडते. तेवढ्यात कृत्रिम धबधबा होत नाही. बाक होतात.

आता बाक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला माहीत आहे. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘यांच्या निधीतून’. पहिल्या रांगेत एक माजी नगरसेवक बसलेत, त्यांनी रागावू नये. नाव जरूर घाला, पण बाकाचं तोंड तरी नीट करा! सिमेंटचा बाक पश्चिमेला तोंड करून बसवतात. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला तिथं बसून बघा. खालून चटका आणि समोरून ऊन. मग बाग वापरली जात नाही असा शेरा बसतो, आणि पुढच्या वर्षी तिथं ओपन जिम येते.

सहभागाच्या बैठका मी पुष्कळ पाहिल्यात. रंगीत नकाशा भिंतीवर लागलेला असतो, एस्टिमेट झालेलं असतं, आणि अधिकारी विचारतात, काही सूचना? ज्येष्ठ नागरिक म्हणतात, ट्रॅक रुंद करा. हास्यक्लब म्हणतो, शेड द्या. दुसरं कोणी बोलत नाही, कारण दुसरं कोणी नसतंच. बैठक सकाळी अकराची. धुणंभांडी करणाऱ्या बाया त्या वेळी कामावर असतात. त्यांना दोन कामांच्या मधे दुपारी तासभर टेकायला जागा हवी असते, आणि नेमकी तेव्हा आपली बाग कुलूपबंद.

एका वसाहतीतली गोष्ट सांगतो. थोडक्यात सांगतो. (हशा) हसू नका, खरंच थोडक्यात. बाग छोटीशी, चार बिल्डिंगांच्या मधली. नकाशावर ट्रॅकच्या कडेनं एका ओळीत बाक. लोकांत भांडण पेटलेलं, क्रिकेटवाली पोरं एकीकडे, सकाळचे फिरणारे दुसरीकडे. मी म्हटलं, नकाशा गुंडाळा. गणपती मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत ना? आठवडाभर बागेत टाका, ज्याला जिथं बसायचं तिथं त्यानं ओढून न्यावी. आणि दुपारी कुलूप लावू नका. सेक्रेटरी म्हणाले, खुर्च्या चोरीला जातील. मंडळाची पोरं म्हणाली, आमच्या खुर्च्या आहेत, बघतो कोण नेतो ते.

पहिल्या दिवशी खुर्च्या होत्या तशाच राहिल्या. मग हळूहळू हलायला लागल्या. ट्रॅकच्या कडेला जवळजवळ एकही नाही. पंपहाउसच्या भिंतीला सात-आठ दाटीवाटीनं, कारण दुपारी सावली तिथंच. ती जागा नकाशावर ‘सेवाक्षेत्र’ म्हणून करड्या रंगात रंगवलेली! दोन खुर्च्या फाटकाबाहेर, पार फुटपाथवर. तिथं स्कूलबसची वाट बघणाऱ्या आज्या. एक खुर्ची रोज संध्याकाळी कडुलिंबाखाली, भिंतीकडे तोंड करून. ती कोणाची ते कळायला वेळ लागला. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई घरात बोलता येत नाही म्हणून आईला फोन करायला खाली यायची. आता सांगा, ही सूचना तिनं कुठल्या बैठकीत, कोणासमोर मांडली असती?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मग परदेश उरकतो.

न्यूयॉर्कचा विल्यम व्हाइट चौकांत कॅमेरे लावून लोक कसे बसतात ते बघत बसायचा. सुटी खुर्ची मिळाली की माणूस ती उगीच वीतभर सरकवतो आणि मगच बसतो, हे त्यानं टिपलं. त्याचं पुस्तक आलं 1980 साली. तिथलं ब्रायंट पार्क गर्दुल्ल्यांचा अड्डा झालं होतं. त्याच्या सल्ल्यानुसार आडोसे काढले, वाटा मोकळ्या केल्या, सुट्या खुर्च्या टाकल्या आणि 1992 मध्ये बाग पुन्हा उघडली. व्हिएन्नात दिसून आलं की दहाएक वर्षांच्या पुढच्या मुली बागेत येईनाशा होतात, मैदान मुलगे व्यापतात. मग शहरानं 1999 मध्ये दोन बागा नव्यानं आखल्या, मोठी मैदानं लहान भागांत वाटली, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलला जागा दिली, आणि मुली परतल्या. पण एवढं लांब कशाला जायचं, दादरला शिवाजी पार्कचा कट्टा आहे. आत तोंड करून बसा, बाहेर पाय सोडून बसा, तुमची मर्जी. मुंबईचं कौतुक केल्यावर सभागृह एकदम शांत झालं. (हशा)

मागून कोणीतरी विचारतंय, बाक वाढले की जोडपी येतील, त्याचं काय? येऊ देत की! दोन खोल्यांत सहा माणसं राहतात त्या शहरात पोरांनी बोलायचं कुठं? आणि बाकावर कोणी झोपलं, तर तो दमलेला असणार. बाकाच्या मधे लोखंडी दांडे घालून तुम्ही झोप मोडता, आणि त्याच दांड्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजींना नातवाला शेजारी आडवं करता येत नाही. कोणाला हाकलायचं हे आधी ठरवून आखलेल्या बागेत शेवटी आपल्यालाच अवघडून बसावं लागतं.

वेळ संपली, अध्यक्ष घड्याळ काढून टेबलावर ठेवतायत. ज्या चौघांनी हात वर केले त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. पुढचा अर्ज भराल तेव्हा ‘बागेत बाक बसवावेत’ असं लिहू नका, त्यावर ठेकेदार पुन्हा ट्रॅकची कडच गाठेल. पंपहाउसची भिंत लिहा, बाकाचं तोंड कुठल्या दिशेला ते लिहा, सावली किती वाजता येते ते लिहा, बाकाला पाठ हवी हे लिहा. सोबत मोबाइलवर काढलेला दुपारचा फोटो जोडा. आणि कुलपाच्या वेळेबद्दल वेगळा अर्ज करा, त्याला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे तो अंदाजपत्रकात बसत नाही. बाकीचे प्रश्न बाहेर चहाला.